केळ्यात कालवलेली कॅप्सूल

गेल्या पावसाळ्यात सावद्याच्या आमच्या वस्तीत एका घरी गेले होते. काम साधे होते, म्हातारीचा बीपी मोजायचा होता. ओट्याजवळ घरची धाकटी सून बसलेली, सहावा महिना. समोर वाटी, वाटीत अर्धे केळे कुस्करलेले. तिने एक कॅप्सूल दोन्ही चिमटींत धरली, पिळून उघडली, पांढरी भुकटी केळ्यावर पाडली, टरफलाला चिकटलेली भुकटी बोटाने झटकली आणि ते बोट पदराला पुसले. मोठ्या जावेचा नऊ वर्षांचा मुलगा वाटीकडे बघत बाजूला बसला होता.

"कशाची गोळी गं?"

"सिकलसेलची, सिस्टर. जाऊबाई केळीच्या कामाला सकाळी सहालाच जातात, मंग मीच देते. गिळत नाही तो. केळ्यात कालवली का गुपचूप खातो."

पाकीट हातात घेऊन पाहिले. हायड्रॉक्सीयुरिया, ५०० मिलिग्रॅम.

मी तिला ओरडले नाही. तिला जेवढे सांगितले होते तेवढे ती चोख करत होती. रोज एक, चुकवायची नाही. पाकिटावर कुणीतरी बॉलपेनने '१' लिहून दिला होता. ही कॅप्सूल उघडायची नाही, पोटुशी बाईने तर तिच्या भुकटीला हातही लावायचा नाही, हे तिला आजवर एकानेही सांगितले नव्हते. डॉक्टरने नाही, मेडिकलवाल्याने नाही, आणि खरे बोलायचे तर दोन वर्षे त्या घरी जात असूनही मी नाही. मुलगा बरा आहे एवढे बघून मी खूश होते. गोळी देते कोण, कशी देते, हे विचारलेच नव्हते.

आपल्या भाषेत एक अडचण आहे. केळीवर फवारतात तेही औषध आणि मुलाला देतो तेही औषध. फवारणीच्या औषधाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, तेव्हापासून आपली माणसे निदान तोंडाला फडके बांधू लागली. मेडिकलमधून कागदी पुडीत आलेल्या औषधाला मात्र कुणी भीत नाही. ते बरे करणारे, मग हाताला काय करणार?

काही औषधे करतात. थोडीच आहेत, पण आता ती आपल्या घरांत आली आहेत.

गोळी बंद करू नका, आधी हे वाचा

हायड्रॉक्सीयुरियाची भीती घालून कुणाची गोळी बंद करण्यासाठी हा लेख लिहिलेला नाही. त्या मुलाचेच बघा. गोळी सुरू होण्याआधी तो महिन्या-दोन महिन्यांनी हातपाय धरून रडायचा, रक्त चढवायला जळगावला न्यावे लागायचे. आज शाळेत जातो.

सिकलसेल हा शब्द आपल्या लोकांना नवा नाही. भारतात हा आजार पहिल्यांदा १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींत सापडला. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातली नोंद १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापली. विदर्भात पूर्वाश्रमीच्या महार म्हणजे आजच्या बौद्ध कुटुंबांत त्याचे प्रमाण मोठे आहे. इकडे खानदेशात सातपुड्याच्या कडेने भिल्ल आणि पावरा समाजात आहे. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागात यासाठी अनेक दशके काम केले, २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. सावद्याचे आपले सोयरे मलकापूर, अकोला, अमरावतीपर्यंत पसरलेले आहेत. तिकडच्या मुली इकडे, इकडच्या तिकडे. त्यामुळे 'आपल्याकडे नाही ते' असे म्हणून चालत नाही. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते.

या आजारात रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग कळा, मग पंडुरोग, मग कुठे प्लीहा तर कुठे मेंदू धोक्यात. बाळ पोटात असताना त्याच्या रक्तात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते, ते असले की पेशी सहज वाकत नाहीत. हायड्रॉक्सीयुरिया तेच हिमोग्लोबिन शरीरात पुन्हा वाढवते. अमेरिकेत मोठ्या माणसांच्या सिकलसेलसाठी त्याला १९९८ साली मान्यता मिळाली, मुलांसाठी २०१७ साली. आपल्या देशात १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले, तेव्हापासून हे नाव गावोगावी ऐकू येते.

पण मुळात हे रक्ताच्या कर्करोगाचे औषध. झपाट्याने वाढणाऱ्या पेशींना ते रोखते. रुग्णाला त्याच्या वजनाप्रमाणे मोजून देतात, मधूनमधून रक्त तपासून पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार उतरल्या नाहीत ना हे पाहतात. ती तपासणी चुकवू नका, आणि गोळी घेणाऱ्याला ताप आला तर घरी काढा करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. रुग्णाला या औषधाचा फायदा धोक्याहून कितीतरी मोठा आहे. ज्याला आजारच नाही त्याच्या अंगात ते गेले तर फायदा शून्य, धोका तेवढा शिल्लक. आणि पोटातल्या गर्भाच्या पेशींइतक्या झपाट्याने वाढणाऱ्या पेशी दुसऱ्या कुणाच्या असतात?

ड्रेसिंग ट्रॉलीवरची सुई

मी नर्सिंग डिप्लोमा करून लागले तेव्हा आमच्या वॉर्डात कर्करोगाचे दोन-चार रुग्ण असायचे. सायक्लोफॉस्फामाइडची बाटली यायची, आत पांढरी पूड. आम्ही ती ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर, चालू पंख्याखाली, सलाईनचे पाणी घालून हलवायचो. सुई बाहेर काढताना बाटलीतला दाब सुटून बारीक तुषार हातावर उडायचे. हात साडीला पुसायचा आणि पुढच्या बेडकडे जायचे. हातमोजे जपून वापरायचे, ते बाळंतपणाच्या वॉर्डासाठी.

माझ्या बरोबरची एक सिस्टर तेव्हा गरोदर होती. तिसऱ्या महिन्यात तिचे पोट खाली झाले. औषधामुळेच झाले असे मी म्हणू शकत नाही, गर्भपाताची कारणे शंभर असतात. पण ती काय हाताळत होती हे तिला कुणी विचारले नाही. आठ दिवसांची रजा संपवून ती परत त्याच ट्रॉलीवर उभी राहिली. पुष्कळ वर्षांनी मला कळले की हा प्रश्न दुसरीकडे केव्हाच विचारला गेला होता. फिनलंडमध्ये १९७९ साली काई फाल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाची औषधे हाताळणाऱ्या परिचारिकांची लघवी तपासली, तर पेशींच्या जनुकांत बिघाड करण्याचा गुण तीत सापडला. म्हणजे औषध घेत होता रुग्ण आणि खुणा दिसत होत्या नर्सच्या लघवीत. १९८५ साली त्याच देशातल्या १७ रुग्णालयांचा अभ्यास छापून आला. ज्यांचा गर्भ गेला त्या परिचारिका पहिल्या तीन महिन्यांत या औषधांच्या संपर्कात आलेल्या असण्याची शक्यता, मूल सुखरूप झालेल्यांच्या दुपटीहून अधिक निघाली. आम्ही ट्रॉलीवर बाटल्या हलवत होतो तेव्हा हे सगळे छापून कित्येक वर्षे झाली होती.

फार्मासिस्टचेही तेच. अमेरिकेत सिॲटलला सू क्रम्प नावाच्या फार्मासिस्ट होत्या. वीसेक वर्षे त्यांनी कर्करोगाची औषधे तयार केली. २००९ साली स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्या गेल्या. औषधांमुळेच, हे सिद्ध करता येत नाही. पण मरण्याआधी त्यांनी हे जाहीरपणे बोलून दाखवले, वर्तमानपत्रांनी लावून धरले आणि २०११ साली तिथल्या वॉशिंग्टन राज्याने कामगारांना धोकादायक औषधांपासून संरक्षण देणारा कायदा केला. कामगारांच्या आरोग्यासाठी काम करणारी 'नायॉश' ही अमेरिकी सरकारी संस्था अशा औषधांची यादीच काढते. कर्करोग करणारे, गर्भाला किंवा प्रजननाला बाधा करणारे, थोड्या मात्रेतही अवयव बिघडवणारे, जनुकांना इजा करणारे, असे औषध असेल तर ते यादीत जाते. हायड्रॉक्सीयुरिया त्या यादीत आहे. संधिवाताला देतात ते मेथोट्रेक्सेट आहे, ॲझाथायोप्रिन आहे, स्तनाच्या कर्करोगाचे टॅमोक्सिफेन आहे, फिटचे व्हॅल्प्रोएट आहे, पुरुषांच्या प्रोस्टेटसाठी आणि टकलासाठी देतात ते फिनास्टेराइडही आहे.

यातली किती औषधे तुमच्या घरच्या फळीवर आहेत, एकदा बघा.

काउंटरच्या मागे आपलीच मुलगी

या लेखाच्या निमित्ताने मी एका मेडिकलमध्ये तासभर बसले. गाव सांगत नाही, दुकानही नाही, कारण चित्र सगळीकडे सारखेच आहे. भिंतीवर फार्मासिस्टचे प्रमाणपत्र फ्रेममध्ये आणि फार्मासिस्ट बहुतेक वेळ फ्रेममध्येच. १९४८ च्या फार्मसी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनेच द्यायचे असते. प्रत्यक्षात देत होती बारावी झालेली आपल्याच वस्तीतली मुलगी, नुकते लग्न झालेली. कात्रीने स्ट्रिप कापते, कधी कात्री गोळीच्या खळग्यातूनच जाते, गोळी फुटते, ती फुटकी गोळी बोटाने बाजूला सारून दुसरी कापते. सुट्या गोळ्या एकाच स्टीलच्या ट्रेमध्ये, एकाच पट्टीने मोजते. बीपीची, साखरेची, मग मेथोट्रेक्सेट, मग पुन्हा कुणाच्या लहान मुलाची. ट्रेवर पांढरी धूळ बसलेली. दुपारी त्याच काउंटरवर डबा उघडला.

मालक भला माणूस आहे. मी विचारले तर हसून म्हणाला, "सिस्टर, वीस वर्षं झाली, रोज हजार गोळ्या हातातून जातात. काय झालं मला?"

त्याला काय झाले हे त्यालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. पण पोटुशी होणार आहे ती मुलगी, तो नव्हे. १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. तेव्हापासून बाळंतपणाची रजा कायद्यात आली, वाढली. या मुलीला ती रजा मिळणार नाही, दिवस राहिले की कामावरून घरी बसवतील. पण दिवस गेले हे तिला कळायच्या आधीचे आठवडेच गर्भाला सर्वात नाजूक असतात. म्हणून काळजी पोट दिसायला लागल्यावर घेऊन भागत नाही.

धोका नेमका कुठे असतो हे नीट समजून घ्या, म्हणजे उगाच घाबरायला होणार नाही. बंद स्ट्रिप हातात धरल्याने काही होत नाही. सबंध, वरून आवरण असलेल्या गोळीचा धोका फार कमी. धोका आहे भुकटीचा. फुटलेली गोळी, उघडलेली कॅप्सूल, खलबत्त्यात कुटलेली गोळी, ट्रेवरची धूळ. ती नाकातोंडात जाते, कातडीवर बसते, हातावरून भाकरीवर येते. इंजेक्शनचे औषध कालवताना उडणारे तुषार तर सर्वात वाईट. ते काम करायला हवा आत ओढून गाळून घेणारे खास कपाट लागते, खिडकीजवळचे टेबल चालत नाही. २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने सांगितले की तीन वर्षांत सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे होतील. चांगलेच आहे, मुंबईच्या फेऱ्या वाचतील. मात्र जिथे केंद्र उघडेल तिथे आपल्या संघटनांनी फीत कापायच्या आधी एक विचारावे: औषध कालवायचे कपाट कुठे आहे, आणि ते कालवणाऱ्याला शिकवले कोणी?

मेडिकलमध्ये काम करणाऱ्या मुला-मुलींनी मालकाकडे एवढे मागावे. या मोजक्या औषधांसाठी वेगळा ट्रे आणि वेगळी पट्टी, त्यावर रंगाची खूण. नायट्राइलचे हातमोजे, एकदा वापरून टाकायचे. स्ट्रिप कापायची वेळ आली तर दोन खळग्यांच्या मधून कापायची, जमल्यास सबंध स्ट्रिपच द्यायची. पार्सलमध्ये काही फुटून आले असेल तर उघड्या हाताने उपसायचे नाही. मोजे काढल्यावर साबणाने हात धुवायचे. सॅनिटायझर लावून भागत नाही, त्याने जंतू मरतात, औषध हातावरच पसरते. डबा काउंटरवर उघडायचा नाही. गरोदर असाल, राहण्याचा विचार असेल किंवा अंगावर पाजत असाल तर ही औषधे मोजायचे काम दुसऱ्याला द्यायला सांगा. ते नाही म्हणतील. पुन्हा सांगा, फार्मासिस्टला सांगा.

गिऱ्हाईक म्हणून आपणही विचारायचे: ही गोळी कशाने घ्यायची, फोडायची का, घरात दुसऱ्या कुणी हात लावला तर चालतो का. मेथोट्रेक्सेटबद्दल तर विचाराच. संधिवाताला ही गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर तोंड येते, रक्ताच्या पेशी कोसळतात, माणूस दगावू शकतो. पाकिटावर नुसता '१' लिहिला असेल तर म्हातारी ती रोजच घेणार. 'फक्त रविवार' असे मराठीत, ठळक लिहून मागा.

घरात काय करायचे

कॅप्सूल आपल्या मनाने उघडू नका, कुटू नका. मूल गिळत नसेल किंवा वजनाप्रमाणे कमी मात्रा लागत असेल तर डॉक्टरांना विचारा, कमी ताकदीची कॅप्सूल किंवा पातळ औषध मिळेल का. डॉक्टरांनीच पाण्यात विरघळवून द्यायला सांगितले असेल तर ते काम गरोदर बाईने करू नये. ज्याने करायचे त्याने मोजे घालावेत, वाटी-चमचा त्याच कामाचा वेगळा ठेवावा, पंखा बंद करावा, आणि ओट्यावर किंवा पोळपाटाजवळ करू नये. सबंध कॅप्सूल देतानाही मोजे घातलेले बरे. आधी आणि नंतर हात धुवा.

भुकटी सांडली तर केरसुणी लावू नका. झाडले की ती उडते. ओल्या फडक्याने किंवा ओल्या कागदाने टिपून घ्या, ते फडके आणि रिकामे टरफल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून टाका, मग ती जागा साबणाच्या पाण्याने आणि साध्या पाण्याने तीनदा पुसा. कातडीला लागली तर लगेच साबणाने धुवा. डोळ्यात गेली तर निदान १५ मिनिटे पाण्याने डोळा धुवा आणि दवाखान्यात जा.

अंथरुणाचे कुणी बोलत नाही. सिकलसेलच्या मुलांना लघवी जास्त होते, मोठी झाली तरी पुष्कळ मुले रात्री अंथरूण ओले करतात. त्यात मुलाचा दोष नाही, मारू नका. पण औषधाचा काही अंश लघवीतून बाहेर पडतो, म्हणून ते कपडे वेगळे धुवा, मोजे घालून धुवा, आणि घरात गरोदर बाई असेल तर तिच्याकडे ते काम देऊ नका. आमच्या त्या घरात ते कामही धाकटीकडेच होते.

मोठ्या मुलामुलींसाठी आणखी एक. नवरा किंवा बायको, दोघांतले कुणीही ही गोळी घेत असेल तर मूल ठरवण्याआधी डॉक्टरांशी बोला. स्वतःहून गोळी सोडून दिवस राहू देणे हेही धोक्याचे. गोळी चालू असताना अंगावर पाजावे की नाही हेही विचारूनच.

राहिला कचरा. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे दवाखान्यांतली मुदत संपलेली अशी औषधे आणि त्यांनी माखलेल्या वस्तू पिवळ्या पिशवीत, वेगळी खूण लावून, १२०० अंशांहून अधिक तापमानात जाळायला पाठवायच्या असतात. उकिरड्यावर पेटवलेल्या आगीत ते तापमान कधीच येत नाही. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही घरातली टाकाऊ औषधे घातक कचऱ्यात धरली होती, ती ओल्या-सुक्यात मिसळायची नाहीत. घंटागाडीवर हात घालून पिशव्या फोडणारा, निवडणारा माणूस कुठल्या वस्तीतला असतो हे या पानाच्या वाचकांना सांगायला नको. निदान आपण तरी उरलेल्या कॅप्सूल सुट्या टाकू नयेत. त्या मूळ पाकिटात, बांधून, वेगळ्या द्याव्यात आणि गाडीवाल्या भावाला तोंडाने सांगावे.

त्या दिवशी सुनेचा हात मी साबणाने धुवायला लावला, पदर बदलायला लावला. तिने विचारले, "सिस्टर, माझ्या बाळाला काही होईल का?" मी खोटे सांगितले नाही. म्हटले, होईलच असे नाही, पण तुझ्या डॉक्टरबाईंना आजच सांगू. तिला घेऊन गेले, सोनोग्राफी झाली, त्यात काही वावगे दिसले नाही. दिवाळीनंतर मुलगी झाली, बरी आहे. गोळी द्यायचे काम आजोबांनी घेतले.

मुलाला गिळायला शिकवले. शेजारी बसून, पाण्याचा घोट तोंडात घेऊन आधी भिजवलेला साबुदाण्याचा एक दाणा, दोन दिवसांनी बडीशेपेची साखरगोळी, मग त्याहून जरा मोठी. आठव्या दिवशी त्याने कॅप्सूल सबंध गिळली. केळे मात्र तो अजून मागतो, गोळीच्या आधी.